बँकॉकच्या वाटेवरची संकष्टी

मुंबई ते बँकॉक तीन हजार किलोमीटर, विमानाने जेमतेम चार तास! डहाणूत भेटेल त्याला मी आठवडाभर हेच ऐकवत होते. आमच्या घरातला हा पहिला विमानप्रवास. मी आणि सासूबाई नणंदेकडे निघालो होतो. वाडीतले (बागेतले) चिकू उतरवायचे म्हणून सासरे, म्हणजे अप्पा, मागे राहिले. घोळ एकच झाला. तिकीट काढताना मी कॅलेंडर पाहिलं नाही आणि नेमकी संकष्टी आली. आई-अप्पांचा लग्नापासूनचा नेम असा की चंद्र बघून दोघांनी एकदमच जेवायचं.

"तू वर, मी खाली," गाडीच्या खिडकीशी येऊन अप्पा म्हणाले. "पण जेवायचं एकदमच."

चारोटीला हायवे लागला तेव्हापासून मी फोटो काढत सुटले. संध्याकाळी विमान उडालं तेव्हा तर टाळ्याच वाजवायची राहिले. आई मात्र मोदकांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. जेवणाचा ट्रे त्यांनी परत पाठवला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, चेहरा पार उतरला होता. कॅलेंडरात चंद्रोदय नऊचा होता.

आठच्या सुमारास मी काचेला कपाळ टेकवून पुढे पाहिलं आणि ओरडलेच, "आई, चंद्र!" ढगांवर लालसर, भला मोठा चंद्र आला होता. शेजारी तलासरीचे एक दुकानदार काका होते. ते हसले. "आपण पूर्वेला आलो ने बेन, इथे चांदो वहेलो (लवकर) निघणार. हवे जमी लो (आता जेवून घ्या)."

आईंनी कागदी पेल्यातल्या पाण्याने अर्घ्य दिल्यासारखं केलं, हात जोडले. मी डबा उघडला. त्यांनी झाकण परत लावलं.

"अगं, तिकडे चंद्र कुठे उगवलाय अजून? हे उपाशी असतील."

"आई, त्यांना काय कळणार आहे!"

"मला कळेल ना."

मला राग आला, हसू आलं आणि खरं सांगते, हेवाही वाटला. खिडकीत चंद्र लखलखत होता आणि ही बाई डबा धरून घड्याळाकडे बघत होती. नऊ वाजले तेव्हाच त्यांनी पहिला मोदक तोंडात घातला.

बँकॉकला उतरल्यावर फोनवर "जेवलीस?", "जेवले, तुम्ही?", "जेवलो" इतकंच झालं. मग बाजार, देवळं, नदीतल्या बोटी आणि नणंदेशी गप्पा यांत आठवडा कसा गेला कळलं नाही.

घरी परतलो त्या संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना अप्पा खुशीत म्हणाले, "त्या दिवशी मी आठलाच जेवून घेतलं बरं का."

"चंद्र न बघता?" आई चमकल्या.

"तू पूर्वेकडे चाललेलीस. तुला आधी दिसणार, तू आधी जेवणार. मग मी मागे राहून कसं चालेल?"

मी तोंड उघडणार, तोच आईंनी माझा हात दाबला.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "मीपण आठलाच जेवले."