उल्हासकाठची लाल रेघ

"नदीकाठ बघायला कर्जतला कोण जातं?" असं नवऱ्याने विचारलं आणि मी हट्टालाच पेटले. माझी कॉलेजातली मैत्रीण विद्या कर्जतच्याच दहिवलीत शिक्षिका आहे. उल्हास नदीला काँक्रीटची उंच भिंत घालू नका, काठाला उतार ठेवा, झाडं लावा, पुराचं पाणी पसरायला जागा सोडा, म्हणून तिने कितीतरी वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लंय. अखेर तसाच आराखडा मंजूर झाला. मग बघायला नको? थंडीतल्या एका शनिवारी पुण्याहून गाडी काढली.

बोरघाट उतरून मुद्दाम खोपोलीत थांबले. वडापाव झक्कास, चहा जेमतेम. पाताळगंगा शोधायला गेले तर घरांच्या आणि कारखान्यांच्या मागच्या भिंतीच आडव्या आल्या. पुलावरून दिसली तेवढीच नदी. तिथून पळसदरीमार्गे कर्जत अर्ध्या-पाऊण तासात. रस्ता बरा आहे, ट्रकवाल्यांना मात्र जपा. रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशनबाहेर दहिवलीची रिक्षा धरावी.

विद्या फाटकातच उभी होती, पण चेहरा उतरलेला. "आधी मागे चल," म्हणाली. घराला मागची खोली जिथे जोडलीय, नेमकी त्या सांध्यावर लाल रंगाची जाड रेघ मारलेली. आराखड्याप्रमाणे रेघेपलीकडचं सगळं नदीला सोडायचं. म्हणजे ही अख्खी खोली. आणि खोली कुणाची? तिच्या सासूबाईंची!

सासूबाई पलंगावर बसून वाल सोलत होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खिडकीत नदी. मला बघून म्हणाल्या, "ये गं. बघ, तुजी मैतरीण मला नदीला देऊन टाकतेय."

हसावं की रडावं, मला कळेना.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. विद्याचा नवरा म्हणाला, "रेघ जरा वाकवायला सांग ना. एवढी ओळख आहे तुझी."

"आपली वाकली की शेजारच्यांची वाकणार. मग काठ उरला कुठे? परत भिंतच!"

"आमी कुटं नाय म्हणतो," सासूबाई म्हणाल्या, "पण लगीन होऊन आले तवापासून याच खिडकीत उजाडलंय माजं."



संध्याकाळी काठावर बैठक होती. आराखडा करणारे इंजिनिअर आले होते, शेजारीपाजारी जमले होते. पलीकडच्या घरातली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मॅडम, आमची न्हाणी जातेय. तुमची खोली ऱ्हातेय का जातेय, ते सांगा. मंग बोलू."

"जाते," विद्या म्हणाली. बस, एवढंच.

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच दमात रागही आला. खोली काही तिची नव्हती! घरी पोचलो तर बातमी आमच्याआधी आलेली. सासूबाई आपली भांडी फडक्यात बांधत होत्या. सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हाही नाही.

पुण्याला येऊन फोटो चाळत बसले. किती शहरांतल्या नदीकाठांवर मी फिरलेय, आइस्क्रीम खाल्लंय, "वा, काय सुंदर केलंय" असं इथेच लिहिलंय. तिथे आधी कुणाचा पलंग होता, हा प्रश्न मला विद्याच्या घरी पडला. तरी काठाला उतारच हवा, हे माझं मत कायम आहे. तुम्ही कर्जतला गेलात तर जरूर तिथे फिरा, पण आजूबाजूच्या घरांतल्या माणसांशीही दोन शब्द बोला.

परवा विद्याचा फोन आला. खोली पाडली.

"आई बोलल्या का गं?" मी भीतभीतच विचारलं.

"बोलल्या. म्हणाल्या, 'माजी खोली गेली, ती गेलीच. गोड बोलून माजी समजूत काढू नको. पण त्या शेजारणीची न्हाणी जर वाचली ना, तर तुला घरात घ्यायची नाय.' आता रोज सकाळी काठी टेकत शेजारी जातात आणि त्यांच्या न्हाणीवरची रेघ कुणी पुसली नाही ना, ते बघून येतात."