नखभर उदबत्ती

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी विमल रणपिसे हे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेतल्या बाई असतील. त्या कुठल्याच शाळेत नव्हत्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात स्टॉपवॉच आणि कमरेला खोचलेल्या पिशवीत ट्रेसिंग पेपरचे बारीक कपटे, अशा वेशात त्या दर रविवारी सकाळी बिबवेवाडीच्या टेकडीखालच्या मोकळ्या रानात उभ्या असायच्या. एक कपटा हवेत सोडायच्या, तो कुठे जातो ते पाहायच्या आणि मगच समोरच्याला "हं, बोला" म्हणायच्या. वारा कळल्याशिवाय त्यांनी माणसाशी बोलणं सुरू केलेलं मला आठवत नाही.

बाई एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. कारखान्याच्याच छंद मंडळात त्या हलक्या बाल्सा लाकडाची, इंजिन नसलेली छोटी विमानं उडवायला शिकल्या. पुढे ऑफिसात संगणक आले, ट्रेसिंगची टेबलं उचलली गेली आणि बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "मला मशीनने काढलेलं नाही. मी सही करून, चहा पिऊन आले." त्यानंतर विमानांना त्यांचा अख्खा आठवडा मिळाला.

पण त्यांच्या स्पर्धेला तेव्हा माणसंच येत नसत. दर वर्षी तेच चौघे, त्यांच्यातलाच एक पहिला. "चार जण आळीपाळीने एकमेकांना कप देतात, त्याला स्पर्धा म्हणत नाहीत, भिशी म्हणतात," असं सांगून एका वर्षी बाईंनी एकट्याने भाग घ्यायची सोयच बंद केली. तिघांचा संघ, तिघांत एकच विमान. एक जाणकार, एक थोडंफार येणारा आणि एक असा की ज्याने विमानाला कधी हात लावलेला नाही. तिघांनीही एकेकदा उडवायचं, सुरुवात नवख्याने करायची आणि तिघांत ज्याचं विमान सगळ्यांत कमी वेळ हवेत टिकेल, त्याचाच वेळ संघाचा. या शेवटच्या कलमाने पुण्यात चमत्कार केला. जे जाणकार आपल्या विमानाकडे कुणाला टक लावून पाहूही देत नसत, ते नवख्यांच्या घरी जाऊन, पोहे खाऊन, त्यांना हात धरून शिकवू लागले.

मी विदर्भातल्या दारव्ह्याचा. वडील एसटीत कंडक्टर, घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. इंजिनियरिंगला पुण्यात आलो आणि बाईंच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॉट घेऊन राहिलो. पहिल्याच वर्षी ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झालो. रेघ पुसून पुसून कागद फाटायचा. शेवटी वर्ष गेलं. गावी परत जायचं आणि पुन्हा यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ट्रंक भरून ती वजनाला कशी लागते हे बघायला जिन्यात उतरवली, तेवढ्यात खालून बाई आल्या.

"ट्रंक कुठे निघाली?"

"गावी, बाई. सोमवारची गाडी आहे."

"म्हणजे रविवारी रिकामे आहात. जोगळेकरांच्या संघात तिसरा माणूस कमी पडतोय. नापास झालेला चालेल. धावता आलं पाहिजे."

जोगळेकर कोथरूडचे, संगणकाच्या कंपनीत नोकरीला आणि एकट्याच्या जमान्यातले तीन वेळचे विजेते. मला वरून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, "आपण याआधी काय काय उडवलंय?"

"पतंग."

"परत आला होता?"

"नाही."

"वा. म्हणजे अनुभव आहे."

संघातली दुसरी संगीता. मार्केट यार्डात तिच्या वडिलांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि ती कॉमर्स कॉलेजात होती. चार संध्याकाळी त्या दोघांनी मला पळवलं. पन्नास मीटर दोरा, त्याच्या टोकाची कडी विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात. मागे एकाने विमान डोक्यावर धरायचं, पुढे दुसऱ्याने दोरा घेऊन वाऱ्याच्या तोंडाला धावायचं, तिसऱ्याने घड्याळ बघायचं. विमान पतंगासारखं चढतं, डोक्यावर आलं की कडी सुटते आणि मग ते आपल्या मर्जीचं होतं. ते पार मर्जीचं होऊ नये म्हणून उदबत्ती. शेपटी रबराने ताणून बांधलेली असते. त्या रबराशी नखभर उदबत्ती पेटवून खोचायची. दोन मिनिटांनी आग रबरापर्यंत पोचते, रबर तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान शहाण्यासारखं खाली बसतं. दोन मिनिटांच्या पुढचं उडणं मोजत नसत. ज्याने धावायचं, त्यानेच उदबत्ती लावायची, हा बाईंचा नियम.

रविवारी आठ संघ होते. साडेदहापर्यंत तिघांचंही उडवून झालं पाहिजे होतं. आमच्यातला नवखा मी, म्हणून पहिला मी. मी उदबत्ती पेटवली. आता विमानासमोर पेटती उदबत्ती घेऊन उभं राहिल्यावर माझ्या हाताने जे केलं ते त्याला घरी लहानपणापासून माहीत होतं. वडिलांची नवी सायकल आली तेव्हा आईने केलं होतं तसंच. विमानाला तीनदा ओवाळलं, उदबत्ती समोर मातीत रोवली, नमस्कार केला आणि दोरा घेऊन जीव खाऊन धावलो.

काय चढलं ते विमान. कडी अलगद सुटली, विमानाने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि प्रत्येक गिरकीला ते लहान होत गेलं. लोक टाळ्या वाजवत होते. दोन मिनिटं झाली. सव्वादोन झाली. जोगळेकरांनी घड्याळावरची नजर न काढता विचारलं, "उदबत्ती कुठाय?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं. ती तिथे मजेत जळत होती.

"छान," ते म्हणाले. "देव पावला. विमान नेलं त्याने."

संगीताच्या हातातूनच विमान सुटलं होतं. जोगळेकरांनी तिला विचारलं, तुला दिसलं नाही का? ती म्हणाली, "दिसलं ना. मला वाटलं, विदर्भात असंच उडवत असतील."

विमान गेलं तर उरलेल्या दोघांना उडवायला काही नाही, म्हणजे संघ बाद. जोगळेकरांनी स्कूटर काढली आणि आम्ही ट्रिपल सीट निघालो. मधे बसलेली संगीता मान वर करून रस्ता सांगत होती. "डावीकडे. अजून डावीकडे. अहो थांबा, ती घार आहे." दोन घारी आणि एक पिशवी यांच्या मागे जाऊन आम्ही मार्केट यार्डात पोचलो, तर आमचं विमान कांद्याच्या एका गाळ्याच्या पत्र्यावर ऊन खात बसलेलं. एका हमालमामांनी बांबूला पोत्याचा हूक बांधून ते खाली ओढलं.

"ह्ये तुमचं हाय व्हय? मला वाटलं, विलेक्शनचं काय तरी आलं."

हुकाने पंखाचं टोक मोडलं. संगीताने वडिलांच्या गाळ्यातून करंडीची एक कामटी आणली, सुतळीचा एकेक पदर सोडवला आणि मोडलेला हात बांधतात तसा पंख बांधून दिला. मैदानावर परतलो तेव्हा पंचवीस मिनिटं उरली होती. संगीताच्या पाळीला विमान एक मिनिट आणि वर थोडं उडालं. मग जोगळेकर. दोरा घेऊन धावता धावता त्यांना कामटी दिसली, विलेक्शन आठवलं आणि त्यांना हसू आवरेना. दोरा सैल पडला. एक्केचाळीस सेकंद.

माझी पूर्ण दोन मिनिटं धरली गेली होती. म्हणजे संघाचा सगळ्यांत कमी वेळ तीन वेळच्या विजेत्याचा. आम्ही सातवे आलो. बाईंनी निकाल वाचला आणि वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "जोगळेकर, पुढच्या वर्षी तुमचं नाव नवख्यांत." ते खाली बसून पोट धरून हसत होते. पुण्यात आल्यापासून मीही तसा हसलो नव्हतो.

बाईंची एक शिस्त होती. विमान हरवलं, मग ते सापडो वा न सापडो, संघाने अर्ज लिहायचा. नवखा कोण, उदबत्तीचं काय झालं, विमान शेवटचं कुठे दिसलं, मागे कोण धावलं, या चार प्रश्नांची उत्तरं आणि सोबत नकाशा. त्या दुपारी मी बिबवेवाडी ते मार्केट यार्ड असा नकाशा काढून खाली नेला. घारींच्या मागचे फेरेसुद्धा दाखवले होते. बाई कागद उजेडाला धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही रेघ एका दमात मारली?"

"हो."

"मग कॉलेजात का मारत नाही?"

"तिथे चुकेल असं वाटतं."

"इथे नाही वाटलं?"

"इथे आधीच चुकलं होतं, बाई."

त्यांनी कागद खाली ठेवला. "सोमवारची गाडी जाऊ द्या. उद्या सहाला ड्रॉइंग बोर्ड घेऊन या. पहिलं पान चुकीचं काढून आणा, म्हणजे ती कटकट नको."

मी गावी गेलो नाही. उन्हाळ्याच्या परीक्षेत ड्रॉइंग सुटलं, आणि नंतर बाकीचे विषयही सुटत गेले. हिंजवडीत नोकरी लागली, पुढे हाताखाली माणसं आली. तिथेही मी बाईंचंच कलम लावलं, कामाचा वेग सगळ्यांत नव्या माणसाचा धरायचा. वरिष्ठ बिचकले. पण नवी मुलं टिकली आणि जुनी शिकवायला लागली.

टेकडीखालच्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या. बाईंचे गुडघे जिन्याला कंटाळले आणि त्या साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. टेम्पो भरून झाल्यावर त्यांनी अर्जांची जाडजूड फाइल माझ्या हातात ठेवली. "विमानं बरीच गेली," म्हणाल्या, "कागद सगळे आहेत." मग पिशवीतून एक कपटा काढून हवेत सोडला, तो कुठे जातो ते पाहिलं आणि टेम्पोत चढल्या.

गेल्या हिवाळ्यात मी दारव्ह्याच्या शाळेच्या मैदानावर तिघांच्या संघांची स्पर्धा भरवली. ती संपल्यावर बाईंना साताऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेलं हे पत्र.

ती. बाईंना सा. न. वि. वि.

विमान हरवल्याचा अर्ज सादर करतो. आमच्या संघात मी, शाळेचे चित्रकलेचे सर आणि आयत्या वेळी तिसरा माणूस कमी पडला म्हणून माझे वडील.

नवखा कोण : वडील. वय बाहत्तर. दोरा हातात घेतल्यावर गाडी सोडायच्या सवयीने "डबल" म्हणाले आणि सुटले.

उदबत्तीचं काय झालं : मी स्वतः उभा राहून त्यांच्याकडून रबराशी खोचून घेतली. मात्र ती देव्हाऱ्यातली होती आणि आईने अख्खी दिली होती. नखभर तोडायचं सांगायला मी विसरलो. ती अर्धा तास पुरली असती.

विमान शेवटचं कुठे दिसलं : जिनिंग फॅक्टरीच्या पलीकडे, तुरीच्या शेतांवर, चढत्या गिरक्यांत. वडील म्हणाले, "काहून रे, थे उतरत नाही का? त्याचा स्टॉप गेला ना."

मागे कोण धावलं : आई. तिच्या मागे वडील. मी आणि सर त्यांच्या मागे, पण गाठू शकलो नाही.

विमान मिळालं नाही. संघ बाद झाला. घरी तीन दिवस दुसरा विषय नाही. पुढच्या वर्षी आई नवखी म्हणून नाव देते आहे.

नकाशा सोबत जोडला आहे. एका दमात काढला आहे. रेघ तपासून कळवावे.

आपला,
वरच्या मजल्यावरचा