सोळा हातांखालचं पाणी

आमच्या गावात दगडोबा नावाची तीन माणसं होती. एक मेंढरं राखायचा, एक देवळाच्या कट्ट्यावर बसून जगाला नावं ठेवायचा आणि तिसरा इंजनवाला. मी सांगतोय तो हा तिसरा. आज आमच्या भागाला हिंगोली जिल्हा म्हणतात. तेव्हा परभणी होता आणि राज्य निजामाचं होतं.

जवळा बाजारला जाणाऱ्या गाडीवाटेला लागून माझ्या थोरल्या चुलत्यांची, व्यंकटरावांची विहीर होती. दगडोबा त्या विहिरीवर मोट हाकायचा. गळा असा की बैल त्याच्या गाण्यावर चालायचे, चाबूक नुसता शोभेला. बाजारला निघालेली माणसं त्याचं गाणं ऐकायला सावलीत गाड्या थांबवायची आणि मग बाजाराला उशीर झाला म्हणून त्यालाच शिव्या द्यायची.

त्याची बायको यशोदा. वैशाखातल्या एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, दगडोबा मोट सोडून घरी आला आणि त्याने पाणी मागितलं. घरात थेंब नव्हता. होतं तेवढं तिने नुकत्याच व्यालेल्या शेळीला पाजलं होतं. एवढंच. एवढ्यावरून कोणी भांडतं का, असं ज्याला वाटत असेल त्याने वैशाखात आमच्याकडे येऊन अर्धा दिवस मोट हाकून बघावी. दगडोबा म्हणाला, "शेळीला पाजलं? मंग ऱ्हा शेळीपाशीच. मला पुन्यांदा तोंड दाखवू नको." आणि भिंतीकडे वळून बसला.

ती उठून गेली. जाताना तिच्याजवळ घागर होती की नव्हती, हे त्याने पाहिलं नाही. त्याची आई चतुराबाई असती तर तिने पाहिलं असतं. पण ती शेजारी कोणाच्या तरी दुखत्या पोटाला तांब्या लावायला गेली होती.

यशोदा संध्याकाळी त्याच विहिरीत सापडली.

घागर मात्र सापडली नाही. घरात नव्हती, काठावर नव्हती. लोकांनी दोराला लोखंडी गळ बांधून विहिरीचा तळ पुन्हापुन्हा चाचपला. पडलेली बादली, हरवलेला पोहरा, सगळं त्या गळाला लागायचं. ही घागर लागली नाही. गावाने मग आपला निकाल लावला. यशोदेने घागर काठावर ठेवली आणि उडी घेतली. बाजारचा दिवस, वाटेने शंभर माणसं जातात, काठावरची तांब्याची घागर कोण सोडतं? पाय घसरला असता तर घागर तिच्यासोबत खाली गेली असती. गावाला असा हिशेब फार पटकन जमतो, विशेषतः दुसऱ्याच्या घरातला.

त्या दिवसापासून दगडोबा गायचा बंद झाला. विहिरीवरचं काम मात्र त्याने सोडलं नाही. फक्त कधी विहिरीत डोकावायचा नाही. मोट वर आली की मान वळवून पाणी थारोळ्यात ओतायचा.

दोन-तीन वर्षांनी व्यंकटरावांनी नांदेडहून तेलावर चालणारं इंजन आणलं. सोबत पंप, लांब पट्टा आणि विहिरीत सोडायची लोखंडी नळी. इंजन विहिरीच्या काठावर बसलं, त्याच्या शेजारी पंप. मोट गेली, बैल गेले, राहिला दगडोबा. तो इंजनवाला झाला. सुरू करण्याआधी पंपाच्या तोंडातून नळी पाण्याने गच्च भरावी लागे, आत जरा जरी हवा राहिली तरी पंप पाणी धरत नसे. दगडोबा हे काम जीव लावून करायचा, तोंड दुसरीकडे करून.

पहिल्या वर्षी होळीपर्यंत सगळं झकास चाललं. मग विहिरीचं पाणी खाली गेलं आणि एका दुपारी पंपातून आवाज यायला लागला. मी तिथे होतो. कोणीतरी हातभर काचेच्या बांगड्या घालून भांडी घासतंय असा आवाज. किण किण, किण किण. मग नळीने घशात घोट अडकल्यासारखं केलं, पाण्याची धार बारीक झाली आणि थांबली. खाली डोकावलं तर विहिरीत भरपूर पाणी. काळं, गप्प. इंजन फुकट धावत होतं. माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला हे मी लपवत नाही.

बायका म्हणाल्या, पाण्यातल्या आसरा कोपल्या. दगडोबा म्हणाला, "आसरा न्हाई. यशोदा हाय. तिच्याच बांगड्या हायत त्या. नळी धरून बसली."

तिची ओटी भरायचं ठरलं. हिरव्या चोळीचा खण, बांगड्या, हळदकुंकू, सगळं परडीत घालून दगडोबाने विहिरीत सोडलं. तेव्हाही डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी इंजन लावलं तर आधी सुरुवातीला थोडं तरी पाणी येत होतं, आता थेंबही येईना.

व्यंकटरावांनी नांदेडहून उत्तमसिंग मिस्त्रीला बोलावलं. आडदांड माणूस, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचा. त्याने नळी वर ओढायला लावली. अर्धं गाव काठावर. नळीचं टोक पाण्याबाहेर आलं आणि सगळे मागे सरकले. टोकाच्या जाळीला तो हिरवा खण घट्ट गुंडाळलेला होता. कमरेला पदर खोचावा तसा.

"नेसली!" कोणीतरी बाई किंचाळली. चतुराबाई मटकन खाली बसली. उत्तमसिंग आधी पोट धरून हसला, पण मग दगडोबाचा चेहरा बघून त्याने खण जाळीवरून सोडवायला घेतला.

"अरे भाई, जाळी पाणी ओढते, तसं कापड पण ओढलं," तो म्हणाला. "तुम्हीच टाकलं, तुम्हीच घाबरले."

"आनि खण टाकायच्या आधी काहून बंद पडलं व्हतं?" दगडोबाने विचारलं.

तेव्हा उत्तमसिंगने जे सांगितलं ते ऐकायला मी पुढे सरकलो. तो म्हणाला, पंप पाणी ओढतो असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही. पंप फक्त वरून नळी रिकामी करत जातो. आत रिकामं झालं की बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबते आणि ते नळीत वर चढतं. पण हवेचं बळ ठरलेलं. आपला हा पंप फार तर सोळा हात पाणी चढवून घेईल. त्याखाली पाणी गेलं की पाणी ताणलं जातं, त्यात बुडबुडे होतात आणि पंपात फुटतात. "वो तेरी बांगड्यांची आवाज, वो बुडबुडे है. बिलकुल खाली जगह, रिकामी, दुसरं काही नाही."

सगळे माना हलवत होते, कळल्यासारखं करून. खरं कळलं फक्त चतुराबाईला. गावात कोणाची बेंबी सरकली, पोट दुखलं, की तिला बोलावणं जायचं. ती बेंबीवर कणकेचा दिवा ठेवायची, वात पेटवायची आणि वरून तांब्या पालथा घालायची. वात विझली की तांब्या पोटाला असा धरायचा की ओढून निघत नसे. नवखा माणूस ओढायला लागला की ती हातावर फटका मारायची आणि तांब्याच्या कडेला बोट दाबून आत वारा सोडायची. तांब्या आपोआप सुटायचा.

"म्हंजे माह्या तांब्यावानीच," ती म्हणाली.

"बराबर, माई!" उत्तमसिंग खूष झाला. मग त्याने उपाय सांगितला. विहिरीत मधल्या अंगाला लाकडं घालून पंप खाली बसवायचा, इंजन वरच ठेवून पट्टा खाली सोडायचा. पाणी जवळ आलं की पंप तळापर्यंत उपसेल.

"पार तळ दिसंल?" दगडोबाने विचारलं.

"एकदम कोरडा."

दुसऱ्या दिवशी दगडोबा व्यंकटरावांकडे आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "मालक, पंप खाली नेऊ नका. वरचं पाणी आपलं, खालचं तिचं. ऱ्हाऊ द्या."

व्यंकटरावांनी त्याला अडाणी म्हणून झापलं आणि पंप तिथेच राहू दिला. लाकूड मिळत नाही, युद्ध चालू आहे, अशी कारणं ते आम्हाला सांगायचे. माझे चुलते मोठे धीट माणूस होते, पण त्या विहिरीकडे दुपारचे एकटे कधी गेले नाहीत. मग दरवर्षी तेच. होळी झाली की पंपात बांगड्या वाजायच्या, दगडोबा इंजन बंद करायचा, त्यावर पोतं टाकायचा आणि पाऊस येईपर्यंत तिथेच बसून राहायचा. वाटेने जाणारी माणसं आता थांबत नसत, उलट बैलांना चुचकारून पुढे काढत.

मला त्याचा राग यायचा. एकदा मी त्याला विचारलं, "दगडबा, मिस्त्रीने एवढं समजावून सांगितलं. तुमच्या आईला कळलं, तुम्हाला कळत नाही?"

"कळतं की," तो म्हणाला. "हवा दाबती, पाणी चढतं. समदं कळतं."

"मग कशाला भिता?"

तो इंजनाचं चाक पुसायला लागला. "भाऊ, खाली घागर असली, तं ती पाण्याला आली व्हती. पाय घसरला. घागर नसली तं म्या तिला मारलं. पाणी हाय तवर मला कळत न्हाई. ती धरून बसली ते माह्यासाठीच. मी पाहू नये म्हनून."

मी एक चिंधी उचलली आणि चाकाची दुसरी बाजू पुसायला लागलो.

युद्ध संपल्यानंतर एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. माघातच गावच्या विहिरी तळाला गेल्या. पाणी होतं ते फक्त त्या विहिरीत, सोळा हातांखाली, आणि तेही गाळ काढून विहीर खोल केल्याशिवाय गावाला पुरणार नव्हतं. आता व्यंकटरावांचा इलाज चालेना. उत्तमसिंग पुन्हा आला. पंप खाली गेला, पट्टा खाली गेला. इंजन कोण लावणार, यावर चर्चा सुरू होती. दगडोबा पोतं काढून घडी घालत म्हणाला, "माझं इंजन हाय. मीच लावीन."

सकाळी इंजन सुरू झालं. पाणी उतरत गेलं. जुनी खूण आली, जिथे दरवर्षी बांगड्या वाजायच्या. सगळे कान देऊन उभे. पंप मुकाट चालत राहिला. पाणी खुणेखाली गेलं, आणखी खाली गेलं. बांगड्यांचा आवाज आला असता तर बरं, असं मला वाटायला लागलं, इतका तो पंपाचा मुकेपणा वाईट होता. दगडोबा इंजनापाशी उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते इंजनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दुपारी तळ उघडा पडला. काळा गाळ, परडीच्या काड्या, काचेचे हिरवे तुकडे. संतराम आणि मल्हारी हे दोघे गडी खाली उतरले. ते पायाने गाळ चाचपत होते आणि वर दगडोबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काठावरून खाली बघत होता.

"हितं कायतरी गोल हाय," संतराम ओरडला.

गाळात एक बूड दिसत होतं, पालथ्या कढईसारखं. दोघांनी दोन्ही बाजूंनी हात घालून ओढलं. निघेना. दोर बांधून वरून चौघांनी ओढलं. दोर तुटला, पण ते हललं नाही. "सोडत न्हाई ती," वरून कोणीतरी म्हणालं आणि मल्हारी हातातलं सोडून पायऱ्यांकडे पळाला.

दगडोबा खाली उतरायला लागला. त्याला कोणी अडवलं नाही. तो गाळात गुडघे टेकून बसला. त्याने ओढलं नाही. कडेकडेने हात आत घातला, पार कोपरापर्यंत, आणि बोटांनी गाळ सरकवून वाट केली. एक मोठा घुटका घेतल्यासारखा आवाज विहिरीभर घुमला. हवा आत गेली आणि घागर सुटली.

पालथी पडली होती, तोंड गाळात रुतून. म्हणून गळाला कधी लागली नाही. गळ्याभोवती दोराची गाठ तशीच होती. यशोदेची गाठ. चतुराबाईने वरूनच ती ओळखली.

"पाण्याला आली व्हती," दगडोबा खालून म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "मालक, पाण्याला आली व्हती! माह्यासाठी पाणी न्यायला!" आणि तो गाळात बसून लहान लेकरासारखा रडला. आम्हीही रडलो. गावाने ज्या तोंडाने निकाल लावला होता त्याच तोंडाला पदर आणि उपरणं लावून गाव रडलं.

गोष्ट इथे संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

गाळ निघाला, विहीर खोल झाली, झरे मोकळे झाले. पुन्हा पाणी चढलं, स्वच्छ, निळं. पंपात नंतर कधीही बांगड्या वाजल्या नाहीत. मला वाटलं, आता दगडोबा गाईल. तो गायला नाही. ज्या विहिरीत त्याने कधी डोकावलं नव्हतं, तिच्या काठावर तो आता रोज दुपारी पालथा पडून पाण्यात बघत राहायचा. घागर घासूनपुसून शेजारी ठेवलेली.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्याला उठवायला गेलो. म्हटलं, "दगडबा, चला. ऊन लागेल. आता कशाला बघता? तिने तर उडी घेतली नव्हती."

"तेच तं," तो पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. "रागानं गेली असती, तं नळी धरून बसली असती. इतकी वर्सं मी म्हनत व्हतो, तोंड दाखवू नको. आता रोज म्हनतो, येकडाव दाखव. दाखवत न्हाई. कोनीच न्हाई हो, भाऊ, खाली. नुसतं माझंच तोंड दिसतं."