बारावं रोप

निपाणीहून बोरगावच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला ती शाळा लागायची. एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं ती स्वतःच्या पैशानं उभी केली होती. सकाळी मराठीत शिकवत, दुपारी इंग्रजीत. पुस्तकं बोटीनं विलायतेहून यायची, आणि वरच्या वर्गाच्या वह्या तपासायला बोटीनंच तिकडं जायच्या. शिवाय कवायत होती, चित्रकला होती, बागकाम होतं, आणि सकाळच्या थंडीत अख्ख्या शिवाराला जागा करणारा पोरापोरींचा बँड होता. आमच्या मुलखात तशी दुसरी शाळा नव्हती. बघितलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारावं.

त्या शाळेच्या बागेला अक्काताई पाणी घालायची.

अक्काताई जैन शेतकऱ्याची सून. नवरा वारला, रान भावकीत गेलं, आणि तिच्या वाट्याला उरली ती दुसऱ्याच्या तंबाखूतली खुडणी. तंबाखूला कळी धरली रे धरली की शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. फुलाचे लाड केले तर पान हलकं पडतं. आठव्या वर्षापासून तिनं हे केलं होतं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख विळ्यासारखं झालं होतं, आणि त्याखालचा काळा चीक चिंच चोळूनही जात नव्हता. तिच्याएवढा चलाख हात पाच गावांत नाही, असं बाया म्हणायच्या. त्याचा तिला अभिमान होता आणि रागही.

म्हणून एकुलत्या एका ब्राह्मीला तिनं तंबाखूच्या बांधावर कधी पाऊल ठेवू दिलं नाही. "माजा हात चिकानं काळा झाला. तिचा शाईनं होऊ दे," म्हणायची. शाळेचे जिनदत्त मास्तर भला माणूस. त्यांनी तोड काढली. आईनं बाग सांभाळायची, लेकीनं फुकट शिकायचं. बाग सुटली तर शाळाही सुटली, हे अक्काताई पुरतं जाणून होती.

एकोणीसशे अडतिसाच्या हिवाळ्यात मास्तरांनी बारा मुलांच्या वरच्या वर्गाला विलायती पेटूनियाची बारा रोपं वाटून दिली. पाणी अक्काताईचं, बाकी ज्याचं रोप त्यानं वाढवायचं. रोप लावल्यापासून फूल उमलेपर्यंत रोज काय दिसलं ते वहीत लिहायचं, आणि शेवटच्या पानावर फुलाचं चित्र काढायचं. सोमवारी वह्या टपालात पडायच्या होत्या. मास्तरांच्या हिशेबानं रविवारी फुलं उमलणार होती.

शनिवारी सकाळी अक्काताई वाफ्यात वाकली. पिवळी पडलेली पानं काढायची, एवढंच काम. पण पेटूनियाचं पान बोटाला चिकटलं. तंबाखूचाच चिकटपणा, तोच उग्र वास. तिचं मन होतं ब्राह्मीपाशी. काल रात्री पोरगी जेवताना इंग्रजीतलं काहीतरी पुटपुटत हसली होती. काय असेल ते? आपल्याला विचारायला हवं होतं. डोळ्यांपुढं ते हसू, आणि हात आपल्या वाटेनं चाललेला.

एकदम बँडचं बिगूल वाजलं. ती दचकली.

अंगठ्याच्या नखाखाली हिरवं लागलं होतं. मागं वळून बघितलं, तर अकरा रोपं बोडकी. प्रत्येकाचा शेंडा कळीसकट गेलेला, एका उंचीवर, एका ओळीत, पाहून मालकानं शाबासकी द्यावी असा. तिचा अंगठा बाराव्या रोपाच्या देठावर टेकला होता. त्या रोपाच्या काठीला निळी चिंधी बांधलेली होती. ब्राह्मी शाळेत सगळ्यांच्या शेवटी आली, म्हणून तिचं रोप ओळीत शेवटी.

अक्काताईनं अंगठा मागं ओढला. ती वाफ्यातच खाली बसली.

कवायत संपवून मुलं पळत आली आणि जागच्या जागी थिजली. एक पोरगं रडायलाच लागलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अक्काताई, हे कुणी केलं?"

"म्याच, मास्तर."

"तुम्ही? अहो, तीन महिने तुम्हीच पाणी घातलंत!"

"हातानं केलं. मला कळ्ळंच न्हाय. आईशपथ सांगते, कळ्ळंच न्हाय मला."

व्यापाऱ्याची लेक कांता त्याच वर्गात होती; ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हात लई शाणा हाय की गं तुजा, अक्काताई! आमची अकरा खुडली, आनि लेकीचं तेवढं बरं दिसलं त्याला?"

सगळ्यांच्या माना निळ्या चिंधीकडं वळल्या. आता कुठं अक्काताईच्या ध्यानात आलं, की हे असं दिसतंय. बिगूल वाजलं म्हणून हात थांबला, हे कुणाला पटणार? तिला स्वतःलाच ते सांगताना खोटं वाटलं असतं. तिनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर जमिनीकडं बघत होते. चाळीस वर्षांत कुणी तिला लबाड म्हटलं नव्हतं.

"बोल की गं," कांता म्हणाली.

मुलांच्या मागून ब्राह्मी पुढं आली. ती आईकडं बघेना, कांताकडंही बघेना. आपल्या रोपाशी वाकली. कळीचं टोक जांभळं झालं होतं, उद्याची वाट बघत होतं. तिनं देठ दोन बोटांत धरला, अंगठा फिरवला, आणि टक्. शेंडा मातीत पडला.

"आता बाराबी सारखी झाली," ती म्हणाली. "मास्तर, वहीत मी खरं तेच लिवनार. आईच्या हातानं काय झालं, आनि माज्या हातानं काय झालं."

कांतानं कमरेवरचे हात खाली सोडले. मास्तरांनी मातीत पडलेला शेंडा उचलला. मग घसा खाकरून म्हणाले, "सगळ्यांनीच लिहा. चित्र खुडलेल्या शेंड्याचं काढा. वह्या सोमवारीच जातील." आणि जाता जाता, आवाज खाली आणून, "अक्काताई, संध्याकाळचं पाणी विसरू नका."

बाग राहिली. शाळा राहिली. मुलं वह्या आणायला धावली. पण अक्काताई काही उठली नाही.

ती बाराव्या रोपाकडं बघत होती. शेंडा दोन कोवळ्या पानांच्या बरोब्बर वर तुटला होता. ना देठ चिरडला, ना साल सोलली. असं खुडायला तिला स्वतःला चार हंगाम लागले होते, आणि मुकादमाचे फटके खावे लागले होते.

"ब्राह्मे, हिकडं ये."

तिनं पोरीचा हात हातात घेतला, उलटा केला. बोटांवर शाईचे डाग होते. आणि अंगठ्याच्या नखाखाली हिरवी ओली रेघ.

"तू कवा शिकलीस गं ह्ये? मी तर तुला बांधावरबी कवा येऊ दिलं न्हाय."

ब्राह्मी तिच्याकडं बघत राहिली. "मला कुटं येतंय, आई?" ती म्हणाली. "मी नुसता हात लावला."

अक्काताईनं पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि ते नख ती घासत राहिली, घासत राहिली.