बुजलेला ळ

प्रिंटरमधून निघालेला प्रत्येक कागद सुनंदाकाकू आधी मनगटाला टेकवून बघायच्या. तान्ह्या बाळाचं दूध सोसेल इतकं कोमट आहे ना, ते बघतात तसं. शाई ओली असली तर मनगटावर अक्षराची पुसट सावली उमटायची. मग तो कागद जेवणाच्या टेबलावर पंख्याखाली जायचा, आणि काकू चहा ठेवायला. एका कागदावर एकच शब्द असायचा, पानभर मोठा. जवळ. सकाळ. डोळा. टिळा.

आमचं दार त्यांच्या दारासमोर. दिल्लीच्या द्वारकेतल्या या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यामुळे साखर आणि गप्पा यांची ये-जा मी शाळेत होते तेव्हापासूनची. शांतारामकाका केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक होते. जन्मभर इंग्रजी फायलींचं हिंदी केलं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये असल्यापासून काकूंचा नियम होता की ऑफिसची हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. काका तो पाळायचे. मुलगा मानस मात्र 'यार मम्मी' म्हणत वाढला. तेव्हा घरात काकूंशी धड मराठी बोलणारे एक काकाच होते.

काकांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. काही महिन्यांनी ती परतली, पण हिंदीतून. तीही ऑफिसातली, इस्त्री केलेली हिंदी. चहा दिला की म्हणायचे, "धन्यवाद, मैडम." औषध दिलं की, "जी, बिल्कुल." काकूंना ते मैडम म्हणायचे. त्या कोण आहेत हे त्यांना कळत होतं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"इतका संसार केला, आता कुठे प्रमोशन मिळालं बघ," काकू मला म्हणायच्या. "बायकोची मॅडम झाले."

डॉक्टर म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या माणसाचं कधी कधी असं होतं, एक परत येते, एक येत नाही. बोलण्याचा सराव घ्यायला येणारी थेरपिस्ट मुलगी चांगली होती. तिच्याकडची चित्रं आणि शब्द सगळे हिंदीत होते. "आंटी, जो भाषा आ रही है, उसी को पकड़िए," ती म्हणाली. काकू तिला 'अच्छा' म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी मानसकडून प्रिंटर मागवून घेतला.

पहिल्या काही कागदांना काकांनी फक्त मान हलवली. एके सकाळी 'केळं' हा शब्द त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "केळं." जीभ टाळूला नीट वळवून.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा हात पिठाचे होते. "उत्तरा, ळ म्हणाले गं. हिंदीत ळ कुठे असतो? थेरपिस्टने शिकवला नाही, टीव्हीवर ऐकला नाही. मग आला कुठून? आतूनच ना?"

त्या दिवसापासून त्या फक्त ळ असलेले शब्द काढू लागल्या. त्यांना सगळी मराठी परत नको होती. तो एक ळ दुसऱ्यांदा यावा, आणि जमलंच तर त्याच्या मागून आपलं नाव यावं, एवढंच हवं होतं.

पावसाळ्यात जुना लॅपटॉप बंद पडला. मानस गुरुग्रामहून नवा घेऊन आला. तार जोडली, प्रिंटर आपोआप ओळखला गेला, आणि मानस जेवून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून अक्षरं सुजल्यासारखी यायला लागली. कडा पसरलेल्या, काळ्याच्या आत कुठेतरी जांभळट झाक. ळ म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन वाट्या, त्या दोन्ही शाईने भरून जायच्या. काकूंना वाटलं, अक्षर फिकं पडतंय. त्यांनी ते आणखी ठळक केलं. 'बेस्ट' असा पर्याय दिसला, तो निवडला. कागद मनगटाला टेकवला की आता अख्खं अक्षर उतरायचं.

तो कागद काकांसमोर धरला तेव्हा त्यांनी बोट ठेवलं आणि नम्रपणे सांगितलं, "यहाँ धब्बा है, मैडम."

काकूंनी मला बोलावलं ते मात्र वेगळ्याच तक्रारीसाठी. "लाल शाई संपली म्हणतोय. निळीपण संपत आलीय. मी आजवर एक अक्षर लाल काढलेलं नाही. मग पितं कोण?"

मला साहित्य येतं, यंत्रं येत नाहीत. पण शोधत बसले आणि उलगडलं. लॅपटॉपने कुठल्याही प्रिंटरला चालेल असा एक सर्वसाधारण ड्रायव्हर स्वतःच बसवला होता. समोर साधा कागद आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो फोटोचा चकचकीत कागद धरून चालला होता, 'बेस्ट' म्हटल्यावर तर जास्तच, आणि फोटोसारखाच लाल, निळा, पिवळा मिसळून काळा रंग बनवत होता. काळ्या शाईची टाकी जवळजवळ भरलेली होती. साधा कागद एवढी ओल पिणार कशी? ती पसरायची, आणि ळ बुजायचा.

"ड्रायव्हर म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"लॅपटॉप काय म्हणतो ते प्रिंटरला त्याच्या भाषेत सांगणारा. दुभाषी."

काकू काकांकडे बघत राहिल्या. "म्हणजे आपल्या घरात दोन झाले," त्या म्हणाल्या. "दोघंही भलतंच सांगतायत."

मी कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवला. तो कागदाचा प्रकार विचारत होता. साधा. दर्जा, नॉर्मल. रंग, फक्त काळा. काकूंना 'नॉर्मल' पटेना. "ह्यांच्यासाठी कसलं नॉर्मल? चांगल्यातलं दे." मी म्हटलं, काकू, इथे कमी शाईच चांगली. त्यांनी मनाविरुद्ध मान हलवली.

'केळं' छापून आलं. कडा धारदार, काळा रंग खरा काळा, ळच्या दोन्ही वाट्या रिकाम्या, त्यांतून पांढरा कागद दिसत होता. काकूंनी तो मनगटाला टेकवला. काहीच उमटलं नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि काकांसमोर स्टुलावर बसून कागद धरला.

काकांनी चष्मा नाकावर सरकवला. बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला.

"अब बिल्कुल साफ़ है, मैडम," ते म्हणाले. "बहुत अच्छी छपाई है."

"आणि काय लिहिलंय?"

"बहुत साफ़," काका म्हणाले, आणि कागद अदबीने परत केला.

तोवर निदान प्रिंटरला दोष देता येत होता.

काकूंनी कागद काढणं थांबवलं नाही. हिवाळाभर, धुक्यात दिवे लावून, रोज. शाई आता लगेच वाळायची. तरी त्या मनगटाला टेकवायच्या आणि टेबलावर पसरायच्या. काका दरवेळी छपाईचं कौतुक करायचे. एकदा मी म्हटलं, काकू, एखादा दिवस राहू द्या. त्या म्हणाल्या, "राहू दिलं तर मी दिवसभर मराठीत बोलू कुणाशी? कागदाशी तरी बोलते." पुढे पुढे त्या शब्द काकांना विचारायच्या नाहीत, नुसते वाचून दाखवायच्या. काका ऐकायचे, मीटिंगमध्ये ऐकावं तसे.

एप्रिलमध्ये एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. मानसने काकांना गुरुग्रामला नेलं. तिथे दिवसभर सोबतीला ठेवलेला माणूस हिंदी बोलतो आणि काकांचं त्याच्याशी छान जमतं, असं मानस म्हणाला. जाण्यापूर्वी, घरात माणसं भरलेली असताना, काकांनी मला विचारलं होतं, "मैडम आज नहीं आईं?"

काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. टेबलावर कागद वाळत घातले होते, वाळलेलेच. काका खुर्चीत झोपले होते. काकू स्वयंपाकघरात होत्या. वाटी घेऊन मी दाराशी पोचले तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "जाताना पंखा बंद कर गं, कागद उडतायत."