हौदातली दुपार

ओल्या सिमेंटचा वास आला की माझी मान अजून आपोआप वर जाते. त्या दुष्काळी उन्हाळ्यात साखर कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला आणि हे घरी बसले. हाताला काम हवं म्हणून आम्ही दोघांनीच अंगणात पाण्याचा हौद खोदायला घेतला. माझ्या डोक्यावर दोन हात खोल झाला. विटांचं बांधकाम झाल्यावर यांची कंबर धरली, म्हणून आतून गिलावा करायला मी उतरले. एक कोपरा तेवढा राहिला होता, तोच भर दुपारी टँकरचा हॉर्न वाजला आणि कंबर बरी सुटली! टँकरवर चढायला यांनी माझीच शिडी वर ओढली. "अहो, मी वर कशी येऊ?" "आलोच गं!" म्हणाले नि पळाले. वर चौकोनी, पांढरंफटक आभाळ होतं. सिमेंटनं बोटं चरचरत होती, घशाला कोरड पडली होती. मी हाका मारल्या, पण घागरींच्या गोंगाटात त्या हौदातच राहिल्या. बाहेरचं मात्र मला सगळं ऐकू येत होतं. शेजारणीनं विचारलं, "आज बाई कुठं गेली?" हे हसून म्हणाले, "ती कुठं जाती, घरीच हाय की!" मग मी हाका मारणं सोडलं आणि गिलावा करत राहिले. तळातलं ऊन भिंत चढून बाहेर निघून गेलं, तेव्हा कुठं शिडी खाली आली. वरून यांनी विचारलं, "झाला का कोपरा?" झाला होता. आता त्या हौदात बारमाही पाणी असतं. पण हे "आलोच" म्हणाले की मी आधी शिडी कुठं आहे ते बघते.