डावीकडचं स्टिअरिंग

मैत्रिणींनो, दुपारी बाळकुमच्या काकूकडून आले, तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये. म्हणून इथे लिहितेय.

माझे थोरले काका मेकॅनिक होते. पन्नासच्या दशकात, मायदेशी परतणाऱ्या साहेबांकडून त्यांनी दोन मोडक्या स्पोर्ट्स गाड्या घेतल्या आणि स्वतःच्या हातांनी उभ्या केल्या. एक इंग्लंडची हिरवी, एक इटलीची लाल. काका जाऊन वीस वर्षं झाली. आता घर पाडून तिथे इमारत होतेय. नव्या पार्किंगमध्ये एकच गाडी मावेल. दुसरी न्यायला आज कल्याणचे एक संग्राहक आलेले.

"काकू, इटलीची ठेव," माझा भाऊ म्हणाला. "हिरवीसारखी अजून मिळेल, लाल नाही मिळणार."

"थांब रे, आधी बसून बघते."

अठ्ठ्याऐंशी वर्षांची काकू हिरवीत बसली आणि लगेच उतरली. "ही नुसती गाडी आहे."

लाल गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. काकू सवयीने उजवीकडे बसली, पदर सावरला आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाली, "चला आता."

मग ती आम्हाला म्हणाली, "हीच देऊन टाका. राहिली तर मी इथून उठायचीच नाही."

संग्राहकांनी डावीकडचं दार उघडलं आणि आत बसायला वाकले. काकूने हात आडवा केला.

"जरा थांबा. त्यांना उतरू द्या."

ते दार धरून उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो.

तुम्ही किती वेळ थांबला असता?